डाळिंबी ठिपका

आमच्या घरात विजेची वस्तू जळणं शक्य नाही. हे मी छातीवर हात ठेवून सांगतो, आणि सांगायचा मला अधिकार आहे. गेली सव्वीस वर्षं मी कटआउटच्या कारखान्यात तपासनीस आहे. कटआउट म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक नाही, त्यांनी आधी आपल्या इस्त्रीचे आभार मानावेत. इस्त्री, गीझर, ड्रायर, कुठलीही तापणारी वस्तू घ्या. तिच्या पोटात शर्टाच्या बटणाएवढी एक डबी बसवलेली असते. डबीत दोन धातू एकमेकांना चिकटवून केलेली एक चकती. तापली की एक धातू जास्त फुगतो, दुसरा कमी, आणि सुटता येत नाही म्हणून दोघंही वाकतात. बरीचशी लग्नं याच तत्त्वावर चालतात. चकती वाकली की 'टक्' असा आवाज होतो, वीज तुटते आणि तुमचं घर वाचतं. निवली की चकती पुन्हा जागेवर, वीज पुन्हा सुरू.

अशी किती घरं मी वाचवली असतील! अग्निशामक दलासाठी लोक टाळ्या वाजवतात. मला कुणी साधा फोनही करत नाही, कारण न जळलेल्या घराला आपण जळणार होतो हे कळतच नाही. असो.

तर अशा माणसाच्या घरात शुक्रवारी संध्याकाळी बायकोच्या पार्लरमधला ड्रायर बंद पडला. आणि रविवारी सकाळी त्याच ड्रायरखाली आमच्या कारखान्याच्या मालकांची मुलगी बसणार होती. दुपारी बारा वाजता तिचं लग्न होतं.

इथे थोडं मागे जायला हवं. बायकोनं अकरा वर्षं दुसऱ्या बाईच्या पार्लरमध्ये उभं राहून काढली आणि तीन महिन्यांपूर्वी आमच्या बाहेरच्या खोलीत स्वतःचं पार्लर थाटलं. एक आरसा, एक फिरती खुर्ची आणि कुणाकडून तरी घेतलेला जुना उभा ड्रायर, तो घंटेसारखा डोक्यावर उतरणारा. तीन महिन्यांत आलेली गिऱ्हाइकं म्हणजे शेजारीण, शेजारणीची बहीण आणि मी. त्यातही माझ्या डोक्यावर करण्यासारखं फारसं काम उरलेलं नाही. मग एके दिवशी कँटीनमध्ये मालकीणबाई भेटल्या, आणि मी सांगून टाकलं, "बाईसाहेब, मुलीचे केस आमच्या घरी करून बघा. चौकातल्या मोठ्या पार्लरमध्ये यंत्रं बंद पडतात. आमच्याकडे ती सोय नाही." त्या हसल्या आणि खरंच हो म्हणाल्या.

"हे नीट झालं तर कारखान्यातल्या सगळ्या बायका इकडे येतील," बायको त्या रात्री म्हणाली होती. "आणि बिघडलं तर मी परत त्या बाईच्या दारात. ती तर म्हणालीच होती, महिन्यात परत येशील."

हे सगळं माहीत असूनही शुक्रवारी ड्रायर बंद पडल्यावर ती काय म्हणाली? "वायरमनला फोन करते."

"मी घरात असताना वायरमन? हे म्हणजे डॉक्टरच्या घरी वैदू बोलावण्यासारखं आहे."

"डॉक्टर घरच्यांना औषध देत नाहीत. दुसऱ्याकडे पाठवतात."

तिनं खरोखरच फोन हातात घेतला. म्हणून मी घाई केली. मागचं झाकण उघडलं, कटआउट बाहेर काढला, बोटं भाजली, मीटर लावला. सुई ढिम्म. "गेला," मी जाहीर केलं, आणि तो शर्टाच्या खिशात टाकला.

आता, कारखान्यात नव्या माणसाला पहिल्या दिवशी मी एकच गोष्ट शिकवतो. चकती निवल्याशिवाय मीटर लावायचा नाही, कारण गरम चकती मेल्याचं सोंग घेते. पण तो नियम नव्या माणसांसाठी आहे.

शनिवारी कारखान्यातून नवा कटआउट आणला, आणि इथे मला आमच्या ठिपक्याची गोष्ट सांगावी लागेल. साहेबांनी कारखाना सुरू केला तेव्हा तो पत्र्याची एक शेड होता. कामाला साहेब, मालकीणबाई आणि मी. पास झालेल्या मालावर खूण करायला रंगसुद्धा नव्हता. मालकीणबाईंनी पर्समधून नेलपॉलिशची बाटली काढली आणि एकेका कटआउटवर ठिपका दिला. गडद डाळिंबी रंगाचा. तेव्हापासून सव्वीस वर्षं, जगात लाल म्हणजे नापास असेल, आमच्याकडे लाल म्हणजे पास. दर तीन महिन्यांनी बाई स्वतः बाटल्या पाठवायच्या, तोच रंग, तीच छटा. मला तर रस्त्यात लाल सिग्नल दिसला तरी पुढे जावंसं वाटतं.

लग्नाच्या आदल्या आठवड्यात एक नवे अधिकारी आले. त्यांचं नाव आम्ही 'नियमावली' ठेवलं. त्यांनी आल्या आल्या फर्मान काढलं: सोमवारपासून हिरवा ठिपका पास, लाल नापास, आणि नेलपॉलिश बंद, डब्यातला रंग सुरू. त्या कागदावर पहिली सही माझी. एवढंच नाही, मी सगळ्यांना जमवून दहा मिनिटं भाषणही दिलं की सवय बदलायला वय आड येत नाही. सोमवार ते शनिवार मी स्वतःच्या हातानं नापास मालावर लाल ठिपके दिले.

आणि शनिवारी सुटायच्या वेळी घाईघाईत, रीतसर चिठ्ठी लिहून, लाल ट्रेमधला एक कटआउट उचलला. हात सव्वीस वर्षांचा होता, फर्मान सहा दिवसांचं.

फाटकावर वॉचमननं चिठ्ठी वाचली. "लाल घेऊन चाललात?"

"लालच. घरच्या वस्तूला हलकासलका माल लावत नाही मी."

त्यानं माझ्याकडे आजारी माणसाकडे बघावं तसं बघितलं आणि फाटक उघडलं. घरी येऊन कटआउट बसवला, अर्धा मिनिट ड्रायर चालवला, गरम हवा आली. "झालं," मी म्हणालो. "वायरमननं दोन दिवस लावले असते." बायकोचं तोंड पहिल्यांदाच जरा सैल झालं. ती निजायच्या आधी रोलर मोजत बसली.

रविवारी आठ वाजता मंडळी आली. नवरीमुलगी, मालकीणबाई आणि साहेबांची बहीण, म्हणजे मुलीची आत्या. बायकोनं तिघींचे केस धुऊन त्यांवर रोलर गुंडाळले. इतके की तिघींची डोकी पाइपांच्या दुकानासारखी दिसायला लागली. अकरा वाजता साहेब गाडी घेऊन येणार होते. नवरीला ड्रायरखाली बसवलं आणि बटण दाबलं. छान घरघर सुरू झाली. मी हाताची घडी घालून दारात उभा राहिलो, कौतुक आलंच तर चुकू नये म्हणून.

दोन मिनिटांनी टक्.

"बंद पडला," नवरी म्हणाली.

"बंद पडला नाही, त्यानं तुमचं रक्षण केलं," मी म्हणालो. "कटआउट काम करतोय याचा हा पुरावा."

सात मिनिटांनी ड्रायर आपोआप सुरू झाला. दोन मिनिटं चालला. टक्. पुन्हा सात मिनिटं बंद. एखाद्या कचेरीतल्या खिडकीसारखं त्याचं काम सुरू झालं. नंबर येतो न येतो तोच पाटी उलटी.

"इतकं रक्षण नको आहे मला," नवरी म्हणाली.

"खोली गरम आहे," मी निदान केलं आणि खिडक्या उघडल्या. टक्. "पंखा लावा." पंखा लावला, तर टेबलावरच्या केसांच्या पिना उडाल्या. टक्. "भिंतीपासून लांब घ्या." ड्रायर नवरीसकट पुढे सरकवला. टक्. साडेनऊ वाजले आणि पहिल्याच डोक्याचे केस धुतल्याइतकेच ओले होते.

बायको माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाली, "वायरमन."

"पाच मिनिटं दे."

"तुमची पाच मिनिटं मी बावीस वर्षं बघतेय."

आत्या मात्र शहाण्या निघाल्या. "आमच्या वेळी असलं काही नव्हतं," असं म्हणून त्या खुर्ची उचलून गॅलरीत उन्हात जाऊन बसल्या, रोलरसकट. खालून जाणारे लोक थांबून वर बघायला लागले. एकानं नमस्कारसुद्धा केला. आत्यांनी तो स्वीकारला.

मला तेव्हा ती कल्पना सुचली. कटआउट लवकर तापतोय ना? मग त्यालाच थंड ठेवायचं! मी फ्रीजरमधून मटारची पिशवी काढली, गळायला नको म्हणून आणखी दोन पिशव्यांत गुंडाळली, ड्रायरचं मागचं झाकण उघडलं आणि पिशवी कटआउटला टेकवून मागे उभा राहिलो.

दोन मिनिटं झाली. चालू. चार झाली, सहा झाली. चालू! नवरीच्या चेहऱ्यावर हसू आलं. बायकोनं माझ्याकडे ज्या नजरेनं बघितलं ती मी बऱ्याच वर्षांत बघितली नव्हती. मला वाटलं, झेंडा लावल्यासारखं आयुष्यभर असंच मटार धरून उभं राहावं.

माझ्या व्यवसायात यापेक्षा मोठं पाप नाही, हे मी आता सांगू शकतो. ज्या डबीनं 'फार तापलं' म्हणून ओरडायचं, तिच्याच कपाळावर मी थंडगार मटार ठेवले होते. बिचारीला वाटलं, जगात सगळीकडे मटाराइतकीच थंडी आहे. वर पिशवीनं हवा आत यायची जाळीही झाकली. पुढे कॉइल तापत गेली, तापत गेली, आणि ओरडणारं कुणीच उरलं नाही.

"कसला वास येतोय?" मालकीणबाई म्हणाल्या.

"नवीन सामान आहे, पहिल्यांदा येतो थोडा," मी म्हणालो.

"डोकं भाजतंय माझं," नवरी म्हणाली.

मी काही शास्त्रीय उत्तर देणार होतो. तेवढ्यात बायकोनं खोली दोन ढांगांत ओलांडली, भिंतीतला प्लग खेचला आणि ड्रायर वर उचलला. आतून धुराचं एक बारीक वेटोळं निघालं. नवरीच्या कपाळावरचा पहिला रोलर मेणासारखा मऊ होऊन एका बटेला घट्ट चिकटला होता.

माझ्या हातात मटार.

बायकोचा चेहरा पांढरा पडला होता. तिला रडू येणार हे मला दिसत होतं. अकरा वर्षं उभी राहिलेली बाई, तीन महिन्यांचं पार्लर, आणि मी ते एका पिशवीत गुंडाळून संपवलं होतं. पण ती रडली नाही. तिनं नवरीच्या टाळूवरून बोट फिरवून बघितलं. "त्वचेला काही झालेलं नाही. भाजतंय का आता?"

"नाही. पण हा निघतच नाही."

"निघणार नाही. बट कापावी लागेल. कापू?"

नवरीनं आईकडे बघितलं, आरशात बघितलं आणि डोळे मिटून म्हणाली, "कापा."

कात्रीचा आवाज मला कटआउटच्या आवाजासारखा आला.

इकडे मालकीणबाई उठून ड्रायरच्या मागे आल्या. शेडच्या दिवसांत त्यांनी स्वतः माल तपासलेला. त्यांना समजावून सांगायची गरज नव्हती. "कटआउट कुठला लावलात?"

"आपलाच, बाईसाहेब. पास झालेला. लाल ठिपका."

त्यांनी चष्मा लावला आणि वाकून बघितलं. बराच वेळ बघितलं. "हा माझा लाल नाही."

"अं?"

"हा आग विझवायच्या बादलीचा लाल आहे. जुना कुठे आहे?"

मी खिशातून जुना कटआउट काढून त्यांच्या तळहातावर ठेवला. तीन महिने आमच्या घरात असलेल्या त्या परक्या ड्रायरच्या पोटात आमच्याच कारखान्याचा माल होता, हे मीही तेव्हाच नीट बघितलं. काळवंडलेल्या डबीवर एक डाळिंबी ठिपका होता.

"हा माझा," बाई म्हणाल्या. "आणि हा कुणाचा?"

माझ्या डोक्यात आता कुठे टक् झालं. सोमवार. फर्मान. भाषण. लाल ट्रे. मी सगळं सांगितलं. नापास माल होता तो. नव्वद अंशांना तुटायचा तो पंचेचाळीसलाच तुटत होता. माझी नोकरी गेली असं धरूनच मी सांगितलं. सांगून झाल्यावर जरा बरं वाटलं.

पण बाई भलत्याच ठिकाणी अडकल्या होत्या. "म्हणजे माझं नेलपॉलिश बंद केलं?"

"सोमवारपासून."

"मला कुणी सांगितलं नाही."

मी मटारांकडे बघितलं.

"ही पोटात होती तेव्हा त्या शेडमध्ये बसून दिवसाला पाचशे ठिपके दिलेत मी," त्या मुलीकडे बोट दाखवून म्हणाल्या. "गेल्याच आठवड्यात बारा बाटल्या पाठवल्या. घेतल्या अन् कपाटात ठेवल्या, आणि मला वेड्यात काढलं?"

बरोबर याच वेळी दाराची घंटा वाजली. साहेब गाडी घेऊन आले होते. नवा कोट, हसरा चेहरा. "झालं का सगळ्यांचं?"

त्यांचं पुढे काय झालं याचं सविस्तर वर्णन मी करणार नाही. मला तिथेच नोकरी करायची आहे. एवढंच सांगतो की मालकीणबाई डोक्यावर चोवीस रोलर घेऊन बोलत होत्या आणि साहेब कोपऱ्यात, आमच्या चपलांच्या मांडणीला टेकून, "अगं, ते नवीन अधिकारी म्हणाले... अगं, मी सांगणारच होतो... लग्न झाल्यावर," असं तुकड्यातुकड्यांनी बोलत होते. माझ्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. इतकं सुख मला त्या सकाळी दुसऱ्या कशानंच झालं नाही.

त्या गडबडीत बायकोनं स्क्रूड्रायव्हर घेतला. नापास कटआउट काढून माझ्या हातात दिला आणि बाईंच्या तळहातावरचा जुना उचलला.

"अगं, तो गेलेला आहे," मी म्हणालो.

"मीटर लावा."

लावला. सुई टुणकन उडाली. जुना कटआउट ठणठणीत होता; शुक्रवारी तो नुसता गरम होता.

"मग शुक्रवारी ड्रायर बंद का पडला?" मी विचारलं.

बायकोनं मागची जाळी उपसली आणि माझ्या डोळ्यांपुढे धरली. जाळीत तीन महिन्यांचे केस, कापूस आणि धूळ यांची एक जाड गादी बसली होती. हवाच आत जात नव्हती. म्हणून ड्रायर तापला आणि जुन्या कटआउटनं इमानदारीनं वीज तोडली. मी त्या इमानदार माणसाला काढून खिशात घातलं होतं. बायकोनं दात घासायच्या जुन्या ब्रशनं जाळी साफ केली, दोन स्क्रू पिळले, बटण दाबलं. ड्रायर सुरू झाला आणि सुरूच राहिला. ब्रश माझा होता, पण मी मध्ये बोललो नाही.

पावणेबारा वाजता मंडळी निघाली. साहेबांच्या कोटापेक्षा त्यांचा चेहरा जास्त चुरगळलेला होता. मालकीणबाई ओलसर केसांनीच गेल्या. आत्यांचे केस सगळ्यांच्या आधी आणि सगळ्यांपेक्षा छान वाळले होते, आणि हे त्यांनी जिन्यात तीनदा सांगितलं. आणि नवरी? कापलेली बट बायकोनं कपाळावर अशी काही वळणदार बसवली होती की ते मुद्दामच केलंय असं वाटावं. मुलीनं आरशात मान इकडे केली, तिकडे केली आणि बायकोला मिठी मारली. "असंच हवं होतं मला. फक्त मला माहीत नव्हतं."

दार लागल्यावर बायको फिरत्या खुर्चीत बसली आणि थोडं रडली. मी पाणी आणून दिलं. तिनं घेतलं, पण माझ्याशी बोलली नाही, ते थेट बुधवारपर्यंत. कटआउट दोन जातींचे असतात. एक आपोआप निवतात आणि सुरू होतात. दुसऱ्यांना एक बटण असतं, ते कुणीतरी जाऊन दाबावं लागतं. बायको दुसऱ्या जातीची आहे, आणि बावीस वर्षांत मला ते बटण सापडलेलं नाही.

सोमवारी मालकीणबाई स्वतः कारखान्यात आल्या. नियमावलींच्या टेबलावर त्यांनी बारा बाटल्या एका ओळीत मांडल्या आणि निघून गेल्या. दुपारपर्यंत नवं फर्मान लागलं: पास मालावर डाळिंबी ठिपका, नापास मालावर फुली. पहिली सही माझी. भाषण मात्र या वेळी मला कुणी करू दिलं नाही. फाटकावर वॉचमननं विचारलं, "आज काही नेताय का घरी?" आणि तोंड फिरवून हसला.

बायकोचं पार्लर आता जोरात चालतं. लग्नातले फोटो बघून पहिल्याच आठवड्यात सात जणी आल्या, सगळ्यांना कपाळावर तशीच बट हवी. "ही अशी कशी कापता हो?" एकीनं विचारलं.

"नुसती कात्री पुरत नाही," बायको म्हणाली. "त्याला घरात तसा नवरा लागतो."

घरातही आता फर्मान निघालं आहे. ज्या वस्तूला मी हात लावायचा नाही तिच्यावर नेलपॉलिशचा ठिपका. ड्रायरवर आहे, इस्त्रीवर आहे, गीझरवर आहे, फ्यूजच्या पेटीवर दोन आहेत. फ्रीजरवर तर आहेच. माझ्या हत्यारांच्या पेटीवरही एक आहे, त्यामुळे ती पेटी माझी असली तरी मी उघडू शकत नाही.

परवा रविवारी दुपारी जेवून जरा पडलो होतो. जाग आली तेव्हा बायको समोरच्या खुर्चीत बसून नखं रंगवत होती आणि माझ्या उजव्या अंगठ्याच्या नखावर एक ओला ठिपका होता. जुन्या पद्धतीनं धरलं तर मी पास. घरच्या पद्धतीनं धरलं तर कुणी हात लावू नये अशी वस्तू. आणि मधल्या सहा दिवसांच्या पद्धतीनं धरलं, तर विचारायलाच नको.

रंग डाळिंबी आहे की बादलीचा, हे उजेडात नेऊन बघता आलं असतं. पण मी बोट मुठीत घेतलं आणि कूस बदलली. सव्वीस वर्षांच्या अनुभवावरून सांगतो, काही माल तपासायला घेऊच नये.